दुरुस्तीच्या कायद्याला वहिनींचा विरोध

आमच्या वहिनी मला मूर्ख म्हणतात, पण ‘तुम्ही मूर्ख आहात’ असं म्हणतात. आमच्या घरात भांडणंसुद्धा अहो-जाहोत होतात. त्या मला ‘भाऊजी’ म्हणतात, मी त्यांना ‘वहिनी’, आणि एकाच घरात, त्या वरच्या मजल्यावर आणि मी नि माझी बायको खाली, असे राहून आम्ही कित्येक वर्षं एकमेकांचं डोकं खात आलो आहोत. त्यांची ट्रकची एजन्सी रस्त्याच्या एका अंगाला आहे, माझं गॅरेज बरोबर समोर. म्हणजे दिवसभर समोरासमोर आणि संध्याकाळी वर-खाली, सुटका नाहीच. आयुष्यात सगळ्यात जास्त वैतागलो कुणावर, असं कुणी विचारलं तर मी वहिनींकडे बोट दाखवीन. सगळ्यात जास्त मानतो कुणाला, असं विचारलं तरी बोट तिकडेच जाईल. हे दुसरं उत्तर मात्र मी त्यांच्यासमोर अजून दिलेलं नाही.

एजन्सी मुळात आमच्या वडिलांची. वहिनी तिथे स्पेअर पार्टच्या काउंटरवर नोकरीला लागल्या तेव्हा त्या कुणाच्या वहिनी नव्हत्या, नुसत्या काउंटरवरच्या बाई होत्या. माझा थोरला भाऊ वर्कशॉप बघायचा. एकदा त्याने घाईघाईत त्यांच्याकडे कुठलासा भाग मागितला. त्यांनी ट्रकचं मॉडेल विचारलं, साल विचारलं आणि ‘हा त्यात बसणार नाही’ म्हणून द्यायला नकार दिला. भाऊ पडला मालकाचा मुलगा, त्याने आवाज चढवला. वहिनींनी काउंटरची खिडकी लावून घेतली आणि डबा उघडून शांतपणे जेवायला बसल्या. तो भाग खरंच बसला नसता. भावाने पुढे त्यांच्याशी लग्नच केलं. वडील म्हणाले, “बरं झालं, विचार करून ‘नाही’ म्हणणारं एक तरी माणूस घरात आलं.”

मला एकाच कंपनीच्या ट्रकना जन्म वाहून टाकायचा नव्हता. मला कुठलाही आजारी ट्रक चालतो. म्हणून मी वडिलांशी भांडून रस्ता ओलांडला आणि गॅरेज टाकलं. पुढे वडील गेले, मग अचानक भाऊही गेला. एजन्सी आता विकली जाणार, असंच सगळे धरून चालले होते. कंपनीचे एक साहेब सांत्वनाला आले आणि जाता जाता विकत घेणारं गिऱ्हाईकही सुचवून गेले. वहिनींनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवरची आपली जुनी खुर्ची उचलून भावाच्या ऑफिसात नेऊन ठेवली. “त्यांची खुर्ची मला मोठी होते,” एवढंच म्हणाल्या. ही जुनी खुर्ची उठता-बसता कुरकुरते. मी तेल घालून देतो म्हटलं तर घालू देत नाहीत. आवाज आला की मी उठले हे माणसांना कळतं, म्हणतात.

त्यांच्या वर्कशॉपची एक पद्धत आहे. ज्याने ब्रेकला हात लावला त्यानेच ट्रकची ट्रायल घ्यायची आणि शेजारच्या सीटवर वहिनी बसणार. वर्कशॉपच्या मागे लांबलचक उतार आहे आणि उताराच्या टोकाला दगडी भिंत. वरून ट्रक सोडायचा आणि मध्यावर ब्रेक दाबायचा. वहिनींचे गुडघे दुखतात, तरी कॅबिनच्या उंच पायऱ्या चढून त्या बसतात. चष्मा दोरीने गळ्यात, हात मांडीवर. कशालाही धरत नाहीत. मेकॅनिक मला सांगतात की वहिनी शेजारी बसणार हे माहीत असलं की नट आवळताना हात आपोआप जरा जास्त फिरतो. एकदा एका नव्या मेकॅनिकने उताराच्या तोंडाशीच ट्रक थांबवला, खाली उतरला आणि म्हणाला, “वहिनी, मला परत एकदा बघू द्या.” त्याला त्यांनी त्याच दिवशी नोकरीत कायम केलं. ड्रायव्हर लोक ट्रक ताब्यात घेताना बाकी काही विचारत नाहीत. “वहिनी बसल्या का?” एवढंच विचारतात.

अशा बाईशी माझं वाजलं ते दुरुस्तीच्या कायद्यावरून.

आताचे ट्रक पूर्वीसारखे भोळे राहिलेले नाहीत. नवा, अस्सल, कंपनीचाच भाग बसवला तरी ट्रकच्या कंप्युटरला त्याची ओळख करून द्यावी लागते. ती करून दिली नाही तर सासरच्यांनी नव्या सुनेला उंबऱ्यावरच उभं करावं तसा ट्रक त्या भागाला उभा करतो. आणि ही ओळख करून देणारं सॉफ्टवेअर फक्त एजन्सीच्या लॅपटॉपमध्ये. म्हणजे काम मी करायचं आणि शेवटी हात जोडत रस्ता ओलांडायचा. यावर कायदा येऊ घातला होता. कंपन्यांनी हे सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची सगळी माहिती ट्रकमालकांना आणि कुठल्याही गॅरेजला द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. आम्ही गॅरेजवाले हरखून गेलो. ट्रकच्या डीलर लोकांची संघटना विरोधात उभी राहिली आणि आमच्या वहिनी तिच्या कार्यकारिणीत.

मग काय, रोजच्या जेवणाला तेच तोंडी लावणं.

“ट्रक त्याचा, किल्ली त्याची, हप्ते तो भरतो,” मी म्हणायचो. “मग ट्रकच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला तुमची परवानगी कशाला?”

“बघायला कोण नको म्हणतंय?” वहिनी म्हणायच्या. “पण तेच कुलूप उघडून लोक धूर साफ करणारं यंत्र बंद करतात त्याचं काय? डिझेल वाचतं म्हणून. तो धूर रस्त्याने चालणारी पोरं गिळतात.”

“सगळे तसले नसतात.”

“सगळे तुमच्यासारखेही नसतात, भाऊजी.”

ही स्तुती होती की टोमणा, हे मला त्या दिवशी कळलं नाही. बायको म्हणाली स्तुती होती. तरी मी रागाने दोन घास कमीच खाल्ले.

हे असं चालू असताना भोंग्याचं प्रकरण घडलं. भोंग्या म्हणजे एकाच ट्रकचा मालक आणि ड्रायव्हरही तोच. वळणावर यायच्या आधीपासून हॉर्न वाजवतो म्हणून त्याला हे नाव पडलेलं. ट्रकच्या धुराच्या नळीतला एक सेन्सर गेला होता. त्याने तो वहिनींच्या काउंटरवरून घेतला, माझ्याकडे बसवून घेतला आणि मी त्याला समोर पाठवला, ‘ओळख करून घे आणि मगच निघ’ असं बजावून. वहिनी तेव्हा मागच्या उतारावर दुसऱ्या कुठल्या ट्रकमध्ये बसल्या होत्या. सर्व्हिसच्या टेबलावरच्या मॅनेजरने भोंग्याला सांगितलं की बाहेर केलेलं काम रांगेत शेवटी, दोन-तीन दिवसांनी या. भोंग्याच्या ट्रकमध्ये बर्फात घातलेली मासळी होती. मासळी काही रांगेत उभी राहत नाही. तो मला न सांगता तसाच निघाला. मला कळलं असतं तर मी चाकापुढे आडवा पडलो असतो.

नव्या सेन्सरची ओळख न पटल्यामुळे घाटाच्या ऐन चढावर ट्रकने स्वतःची ताकद कमी करत नेली आणि एका वळणावर ठप्प झाला. मागच्या बसने करकचून ब्रेक मारले, आतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा हात मोडला. रस्ता अडला तो अडलाच, मासळीचा वास पार खालच्या वस्तीपर्यंत गेला. पेपरात बातमी आली, खासगी गॅरेजच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे घाटात अपघात. सोबत माझ्या गॅरेजचा फोटो, त्यात पाटी स्वच्छ दिसत होती. इतकी स्वच्छ मी स्वतः कधी पुसली नव्हती. त्यानंतर माझ्या गॅरेजसमोरून ट्रक जायचे, पण वळायचे समोर. मी पान्हे पुसत बसायचो.

डीलर संघटनेच्या अध्यक्षांना मात्र हे प्रकरण आयतं सापडलं. गृहस्थ मोठ्या शहरातले, बोलायला लोण्यासारखे. एका दुपारी ते वहिनींकडे आले. कायद्यावर विचार करायला नेमलेल्या समितीपुढे डीलर लोकांच्या वतीने वहिनींनी बोलावं आणि ही घाटातली गोष्ट सांगावी, अशी त्यांची विनंती होती. चहा घेऊन गेलेल्या माझ्या बायकोने सगळं ऐकलं. “नाव घेऊ नका, नुसतं ‘एक खासगी गॅरेज’ म्हणा,” ते म्हणत होते. “बाकी सगळ्यांना कळेलच.”

मी तडक वर गेलो.

“वहिनी, तो सेन्सर तुमच्याच काउंटरवरचा होता.”

“माहीत आहे. मीच काढून दिला होता.”

“मग?”

“मग त्याची ओळख करून न देता ट्रक बाहेर सोडलात कसा?”

“ओळख करून द्यायला माझ्याकडे काय आहे? जादूची कांडी? तुमच्याकडे पाठवला होता. तुमच्या माणसांनी त्याला परत पाठवलं.”

“माझी माणसं कुणाला परत पाठवत नाहीत.”

“भोंग्याला विचारा.”

“ज्याला विचारायचं त्याला विचारीन. तुम्ही खाली जा, भाऊजी. तुमचा आवाज चढलाय.”

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारातून मला दिसलं की वहिनी सर्व्हिसच्या टेबलासमोर उभ्या आहेत. तो इस्त्रीच्या शर्टातला मॅनेजर भिंतीवरच्या एका पाटीकडे बोट दाखवत होता. वहिनींनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून ती पाटी वाचली. मग परत वाचली. मग आत गेल्या.

म्हणजे त्यांना कळलं होतं. आता संध्याकाळी खाली येतील, चूक झाली म्हणतील, निदान कसनुसं तोंड तरी करतील, म्हणून मी वाट बघत बसलो. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जेवायला खाली येणंच त्यांनी बंद केलं. मी काय समजायचं ते समजलो. एजन्सी वाचवायची तर दिराचं गॅरेज बुडालं तरी चालेल, असा हिशोब दिसत होता. आपलं माणूस म्हणून ज्यांच्याशी भांडायचं त्या आपल्या नव्हत्याच, या विचाराने मला गॅरेज बंद पडण्यापेक्षा जास्त लागलं. जिन्याखाली उभा राहून मी बायकोला हे रोज ऐकवायचो.

गॅरेजवाल्यांच्या वतीने बोलायला माझीच निवड झाली, कारण बदनाम मीच झालो होतो. आमचा पुढारी टायरवाला. त्याने माझं भाषण बसवून घेतलं. त्यातलं ठासून सांगायचं वाक्य होतं, ‘आमच्यापैकी एकही गॅरेजवाला धुराच्या यंत्राला हात लावत नाही.’ टायरवाल्याचा सख्खा मेहुणा नेमका तोच धंदा करतो हे मला ठाऊक होतं. पण मी चिडलेला होतो. वहिनींना तोंडघशी पाडायचं तर चालेल म्हटलं.

समितीच्या दिवशी वहिनी अध्यक्षांच्या गाडीतून गेल्या आणि मी टायरवाल्याच्या. दालन मोठं होतं. लांब टेबलामागे समितीचे सभासद, प्रत्येकापुढे झाकण घातलेला पाण्याचा पेला. समोर एक माइक, आणि बोलण्याची वेळ संपली की लागणारा लाल दिवा. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. वहिनींना आधी बोलावलं.

त्या विरोधात बोलल्या आणि सुरेख बोलल्या. मला अगदी दातओठ खावेसे वाटले. वर्कशॉपच्या उताराबद्दल सांगितलं, शेजारी बसण्याबद्दल सांगितलं. “ब्रेकचं, स्टिअरिंगचं आता सगळं सॉफ्टवेअरवर चालतं,” त्या म्हणाल्या. “त्याची किल्ली ज्याच्या हातात द्याल, त्याच्या शेजारी ट्रकमध्ये कोण बसणार, हे कायद्यात कुठे लिहिलंय ते मला दाखवा.” मग धुराचं सांगितलं. टेबलामागचे लोक पुढे झुकून ऐकत होते. अध्यक्ष मान डोलवत होते.

“आता मला एक गोष्ट सांगायला सांगितली आहे,” वहिनी म्हणाल्या. “घाटात बंद पडलेल्या ट्रकची. ती सांगते. पण अर्धी सांगायला सांगितली होती, मी पूर्ण सांगणार.”

मी खुर्चीत पुढे सरकलो.

“त्या ट्रकमध्ये बसवलेला भाग बरोबर होता. तो मी स्वतः दिला होता. बसवणारा हातही बरोबर होता. तो हात माझ्या दिराचा आहे. ते तिकडे तिसऱ्या रांगेत बसलेत आणि या घडीला माझ्यावर रागावलेले आहेत.” लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. “त्यांनी ट्रक माझ्या दारात पाठवला. माझ्या दारातून तो परत गेला, कारण बाहेरचं काम रांगेत शेवटी, अशी पाटी तिथे होती. पाटी कंपनीने पाठवली होती. पण खिळा माझ्या भिंतीत आहे. एका बाईंचा हात मोडला तो त्या पाटीमुळे. गॅरेजमुळे नाही.”

समितीतल्या एकाने विचारलं, “म्हणजे तुमचा या कायद्याला पाठिंबा आहे, असं समजायचं का?”

“छे! विरोधच आहे,” वहिनी म्हणाल्या. “पण विरोध करायचा म्हणून दुसऱ्याच्या तोंडाला काळं फासणार नाही.”

लाल दिवा केव्हाच लागला होता. त्या उठल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत जागेवर जाऊन बसल्या. अध्यक्षांनी आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

आणि मग मला बोलावलं. पाठ केलेलं सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. त्या ठासून सांगायच्या वाक्यापर्यंत मी धडाधडा आलो आणि तिथे माझी जीभ अडली. अशा बाईनंतर त्याच माइकसमोर उभं राहून मी खोटं कसं बोलणार? मी म्हणालो, “आमच्यातले काही गॅरेजवाले धुराचं यंत्र बंद करून देतात. मी देत नाही, पण देणारे मला माहीत आहेत. वहिनी म्हणतात ते खरं आहे. त्यांना पकडा, दंड करा. पण चार जण चोर आहेत म्हणून सगळ्या गावाला कुलूप लावू नका. बाईंचा हात मोडला तो किल्ली एकाच घरात होती म्हणून.” पुढचं मी जे बोललो ते बसवलेलं नव्हतं, आतून आलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. कायद्याचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे, समितीला म्हणे आणखी अभ्यास करायचा आहे. संघटनेने वहिनींना कार्यकारिणीतून काढलं. कंपनीने खुलासा मागवला आणि त्यांच्या वाट्याचे नवे ट्रक कमी केले. शोरूम आता निम्मी रिकामी असते. वहिनींनी ती पाटी काढली. बाहेरचं काम आणि घरचं काम एकाच रांगेत लागतं. माझ्याकडची गिऱ्हाइकं परत आली, फक्त टायरवाला आणि त्याचा मेहुणा मला बघून तोंड फिरवतात. आणि कायद्याला वहिनींचा विरोध आहे तो आहेच.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीचं. समितीचं काम संपल्यावर मी बाहेर आलो तर टायरवाल्याची गाडी निघून गेलेली. फाटकापाशी वहिनी एकट्याच उभ्या होत्या. अध्यक्षांच्या गाडीतही म्हणे एकाएकी जागा उरली नव्हती. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि बस-थांब्याकडे चालू लागलो. बस मिळाली, शेजारी-शेजारी जागाही मिळाली. शहर मागे पडलं.

“वहिनी,” मी म्हणालो, “पाटीचं तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीत? इतके दिवस मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोललो.”

“मनात कुठे? जिन्याखाली उभं राहून बोलत होतात. वर सगळं ऐकू येत होतं.”

“तरीही नाही सांगितलंत.”

वहिनींनी दुखरा गुडघा जरा चोळला. “सांगितलं असतं तर तुम्ही विरघळला असतात. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? मग माझ्याविरुद्ध धड बोलला असतात? तुमच्या बाजूचं जे खरं आहे ते त्या दालनात सांगायचं कुणी, त्या टायरवाल्याने? मला तिथे माझ्याविरुद्ध बोलणारा खरा माणूस हवा होता, भाऊजी. तो आपल्याच घरात होता. त्याला मी कशाला बिघडवू?”

मी वडिलांशी भांडून रस्ता ओलांडला तेव्हापासून माझ्या कामाची, माझ्या मताची इतकी किंमत कुणी केली नव्हती, माझ्या बाजूच्या लोकांनी तर नाहीच. आणि ही बाई माझ्या सगळ्या शिव्या वर बसून ऐकत राहिली, खाली उतरून एक शब्द बोलली असती तर त्या थांबल्या असत्या. माझे डोळे भरून आले. पुसायला रुमाल काढला तर तो नेमका ग्रीसचा निघाला.

वहिनींनी आपला रुमाल पुढे केला. “रडताय काय? चांगलं बोललात. निम्मं चुकीचं होतं, पण चांगलं बोललात.”

“कुठलं निम्मं?” मी विचारलं.

आणि घर येईपर्यंत त्या मला ते सांगत होत्या.